टेलिपथी शोधायला निघालेल्या डॉक्टरला मेंदूतली वीज सापडली, आणि आज त्याच विजेवर विचारांनी कॉम्प्युटर चालतोय

बीड असो, अंबाजोगाई असो की माजलगाव. घरात कुणाला फिट येत असतील तर डॉक्टर ईईजी काढायला सांगतात. केस धुवून या, डोक्याला तेल लावू नका, एवढीच काय ती तयारी. मग डोक्यावर वीसेक बारीक वायरी चिकटवतात आणि स्क्रीनवर वेड्यावाकड्या रेषा पळायला लागतात.

बरेच जण या तपासणीला घाबरतात. डोक्याला शॉक देत असतील असं त्यांना वाटतं. खरं तर हे मशीन डोक्यात कसलाही करंट सोडत नाही. डोक्यात आधीपासून जो करंट चालू आहे, तो ते फक्त टिपून घेतं.

आता दुसरं चित्र बघा. मानेखाली सगळं शरीर लुळं पडलेला एक माणूस व्हीलचेअरवर बसलाय. हात हलत नाही, बोट हलत नाही. तरी समोरच्या स्क्रीनवरचा कर्सर तो म्हणेल तिकडे जातोय. एलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत चिप बसवली, तेव्हापासून असे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. या तंत्राला म्हणतात ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस, म्हणजे मेंदू आणि कॉम्प्युटर यांना थेट जोडणारा दुवा.

गावाकडची ईईजी आणि अमेरिकेतली ही चिप, दोन्हींचा माग काढत मागं गेलं की आपण एकाच माणसापाशी पोचतो. त्याचं नाव हान्स बर्गर. जिवंत माणसाच्या मेंदूतली वीज कागदावर उतरवणारा हा पहिला डॉक्टर. आणि गंमत म्हणजे, तो शोधत होता भलतंच काहीतरी.

आजोबांनी नल-दमयंती जर्मनीत नेली होती

हान्स बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ चा. जर्मनीतल्या कोबुर्ग शहराजवळचं नॉयझेस हे त्यांचं गाव. वडील डॉक्टर होते. आईचे वडील म्हणजे फ्रीडरिश रुकर्ट, जर्मनीतले नावाजलेले कवी आणि पौर्वात्य भाषांचे पंडित. आपल्या महाभारतातली नल-दमयंतीची कथा या रुकर्ट यांनी १८२८ मध्येच जर्मन कवितेत नेली होती.

नल आणि दमयंती यांनी एकमेकांना बघितलेलंही नसतं. एक हंस इकडचा निरोप तिकडे पोचवतो आणि दोघांचं मन जुळतं. दूरवरच्या दोन माणसांची मनं एकमेकांशी कशी जोडली जातात, हा प्रश्न पुढे नातवाच्याही आयुष्यात आला. फक्त त्याच्या गोष्टीत हंस नव्हता, तोफ होती.

चाक अंगावर आलं आणि घरून तार आली

हान्सला आधी व्हायचं होतं खगोलशास्त्रज्ञ. त्यासाठी त्याने विद्यापीठात नावही घातलं. पण मन रमेना. मग शिक्षण थांबवून त्याने वर्षभर सैन्यात नोकरी धरली. वय असेल विशीच्या आसपास.

एका सकाळी सराव चालू असताना त्याचा घोडा बिथरला आणि हान्स खाली पडला, तो थेट तोफ ओढणाऱ्या गाड्याच्या वाटेत. भरल्या उसाच्या गाडीचं चाक अंगावर येणं म्हणजे काय, हे बीडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. तोफेचं चाक तर त्याहून जड. अगदी शेवटच्या क्षणी गाडा थांबला आणि हान्स वाचला.

खरी गोष्ट पुढे आहे. त्याच दिवशी संध्याकाळी त्याला वडिलांची तार आली. पोरगा ठीक आहे का, एवढीच विचारणा होती. घरून याआधी त्याला कधीच तार आलेली नव्हती. झालं असं होतं की, त्याच सुमारास गावाकडे त्याच्या बहिणीला एकदम वाटलं, भावाला काहीतरी झालंय. तिने हट्टच धरला, म्हणून वडिलांनी तार केली.

आपल्याकडेही अशा गोष्टी घरोघरी सांगतात. आईच्या जिवाची घालमेल झाली आणि तासाभरात वाईट बातमीचा फोन आला, वगैरे. आपण त्याला योगायोग म्हणतो किंवा देवाची कृपा म्हणतो आणि कामाला लागतो. हान्स बर्गरने ते सोडून दिलं नाही. जिवावर बेतल्याच्या क्षणी आपल्या मनातून काहीतरी निघालं आणि ते बहिणीपर्यंत पोचलं, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. निघालं असेल तर ती कुठली तरी ऊर्जा असणार. आणि ऊर्जा असेल तर ती मोजता आली पाहिजे.

खगोलशास्त्र सुटलं. सैन्यातून परत आल्यावर त्याने मेडिकलला प्रवेश घेतला.

वीस-पंचवीस वर्षं हाती काही लागेना

१८९७ मध्ये डॉक्टर होऊन बर्गर येना शहरातल्या विद्यापीठाच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. तिथले प्रमुख होते ओटो बिन्सवांगर. बर्गर यांनी नोकरीची जवळपास सगळी वर्षं याच रुग्णालयात काढली. १९१९ मध्ये ते तिथले प्रमुख झाले, पुढे काही काळ विद्यापीठाचे प्रमुखपदही त्यांच्याकडे आलं.

दिवसा ते शिस्तीचे, वेळेचे पक्के, कमी बोलणारे डॉक्टर. संध्याकाळी काम संपलं की त्यांची प्रयोगशाळा सुरू व्हायची. तिथे नक्की काय चाललंय, हे बरोबरच्या लोकांनाही फारसं माहीत नसायचं. टेलिपथीचं तर त्यांनी कुणाला सांगायची सोयच नव्हती. लोक हसले असते.

त्यांचा हिशोब असा होता. मेंदूला अन्नातून आणि रक्तातून ऊर्जा मिळते. त्यातली काही उष्णता होते, काही वीज होते. उरलेली कुठे जाते? ती मनाची ऊर्जा असेल का? हे शोधायला आधी उष्णता आणि वीज मोजणं भाग होतं.

त्यांनी मेंदूतला रक्तप्रवाह मोजला, १९०१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. मेंदूचं तापमान मोजलं, १९१० मध्ये त्यावरही पुस्तक लिहिलं. पण मनाचा पत्ता लागेना. राहिली वीज.

प्राण्यांच्या मेंदूत वीज असते हे तोवर माहीत झालेलं होतं. इंग्लंडमधल्या रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्येच सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर तारा लावून ती दाखवली होती. बर्गर यांनी १९०२ पासून कुत्र्यांवर प्रयोग करून बघितले. पुन्हा पुन्हा केले. भरवशाचं काही मिळालं नाही. मध्येच पहिलं महायुद्ध आलं आणि त्यांना सैन्यात मनोविकारतज्ज्ञ म्हणून जावं लागलं.

६ जुलै १९२४

अडचण काय होती ते समजून घेऊ. मेंदूत अब्जावधी पेशी आहेत आणि त्या एकमेकींशी विजेच्या बारीक बारीक संकेतांनी बोलतात. पण हा करंट हाड आणि कातडी ओलांडून डोक्याच्या बाहेर येईपर्यंत फारच क्षीण होतो. व्होल्टच्या काही दशलक्षांश भाग, इतका. भिंतीवरच्या घड्याळात आपण जो पेन्सिल सेल टाकतो, त्याच्या दीड व्होल्टपेक्षा हा साधारण तीस हजार पट कमी. त्या काळातल्या यंत्रांना तो सापडणं कठीणच.

मग बर्गर यांनी वाट काढली. मेंदूचं ऑपरेशन झालेल्या काही रुग्णांच्या कवटीचा तुकडा काढलेला असायचा. तिथे मेंदू आणि बाहेरचं जग यांच्यात हाड नसायचं. असाच एक १७ वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आला. ६ जुलै १९२४ ला बर्गर यांनी त्याच्या डोक्याच्या त्या जागी इलेक्ट्रोड लावले, बारीक करंट दाखवणाऱ्या गॅल्व्हनोमीटरला जोडले आणि बघत बसले. यंत्रात अगदी बारीक थरथर दिसली.

जिवंत माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदाच दिसत होती. बर्गर तेव्हा ५१ वर्षांचे होते.

सापडलं, तरी पाच वर्षं गप्प

आजच्या काळात एवढा शोध लागला असता तर त्याच रात्री पोस्ट पडली असती. बर्गर यांनी मात्र पाच वर्षं एक ओळही छापली नाही.

कारण त्यांचा स्वतःवरच विश्वास बसत नव्हता. ही थरथर खरंच मेंदूतली कशावरून? हृदयातही वीज असते, तीच इथे दिसत असेल तर? डोक्यातली रक्ताची नाडी उडते, त्याने तार हलत असेल तर? श्वासाने, कपाळाच्या स्नायूंनी असं होत असेल तर? त्यांनी एकेक शंका घेतली आणि तपासली. हृदयाचा आलेख शेजारीच काढून दोन्ही ताडून बघितले. रुग्णांवर प्रयोग केले, स्वतःच्या डोक्यावर केले, आपला मुलगा क्लाउस याला तर कितीतरी वेळा बसवलं. कवटी शाबूत असलेल्या माणसाच्या डोक्यावरूनही ही वीज टिपता येते, हे त्यातूनच पक्कं झालं.

शेवटी १९२९ मध्ये पहिला लेख आला. या रेषांना त्यांनी इलेक्ट्रो-एन्केफॅलोग्राम असं लांबलचक नाव दिलं. आपण जिला ईईजी म्हणतो, ती हीच. १९३८ पर्यंत त्यांनी या विषयावर एकूण १४ लेख लिहिले.

त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण तुम्हाला आजही कुठल्याही ईईजीत दिसेल. माणूस डोळे मिटून निवांत बसला की सेकंदाला दहाच्या आसपास लाटा येतात. यांना त्यांनी अल्फा म्हटलं. त्याने डोळे उघडले, किंवा मनातल्या मनात गणित सोडवायला घेतलं, की या लाटा दबतात आणि बारीक, वेगवान लाटा उरतात. त्या बीटा.

वाचायला ही साधी गोष्ट वाटते. पण नीट बघा. माणूस जागेवरून हललेला नाही, बोललेला नाही. त्याने फक्त मनात काहीतरी केलं आणि बाहेर कागदावरची रेषा बदलली. विचारांनी मशीन चालवायचं सगळं तंत्र याच एका गोष्टीवर उभं आहे.

जगाला पटायला आणखी पाच वर्षं

लेख आला आणि कुणी फारसं लक्षच दिलं नाही. बर्गर विजेच्या यंत्रांचे जाणकार नव्हते, मोठ्या वर्तुळातले नव्हते. एवढ्या मोठ्या मेंदूतून अशी एकसारखी सोपी लय निघेल, हे अनेकांना पटत नव्हतं.

१९३४ मध्ये चित्र पालटलं. केंब्रिजचे एडगर एड्रियन आणि त्यांचे सहकारी ब्रायन मॅथ्यूज यांनी तेच प्रयोग करून बघितले. एड्रियन यांना दोनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेलं होतं. डोळे मिटले की लाटा आणि उघडले की गायब, हे त्यांनी स्वतःच्या डोक्यावर तारा लावून इतर शास्त्रज्ञांसमोर दाखवलं. श्रेय मात्र त्यांनी बर्गर यांनाच दिलं. त्या लयीला नावच दिलं बर्गर लय.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स या डॉक्टरांनी फेफऱ्याच्या रुग्णांची ईईजी काढली. काही रुग्ण बोलता बोलता क्षणभर हरवतात, नजर शून्यात जाते. त्या क्षणी त्यांच्या मेंदूत सेकंदाला तीन या वेगाने ठरावीक आकाराच्या लाटा उठतात, हे कागदावर दिसलं.

ज्या आजारात आजही आपल्याकडे चप्पल हुंगवतात, कांदा फोडून नाकाला लावतात, अंगात आलं म्हणून देवऋषी बघतात, तो आजार म्हणजे मेंदूतल्या विजेचा तात्पुरता गोंधळ आहे. त्याचा पुरावा १९३५ मध्येच मिळाला. आणि तो बर्गर यांच्या यंत्राने मिळाला.

याच गोष्टीचा काळा भाग

इथपर्यंत बर्गर यांची गोष्ट एका चिवट, एकट्या शास्त्रज्ञाची वाटते. खूप वर्षं ती तशीच सांगितली गेली. ते हिटलरच्या विरोधात होते, म्हणून त्यांना १९३८ मध्ये पदावरून घालवलं, असंही लिहिलं गेलं.

नंतर अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं तपासली तेव्हा वेगळंच निघालं. १९३८ मध्ये बर्गर ६५ वर्षांचे झाले होते आणि नियमाप्रमाणे निवृत्त झाले होते. नाझींच्या कुप्रसिद्ध एसएस संघटनेला वर्गणी देणाऱ्या सदस्यांत त्यांचं नाव होतं. इतकंच नाही, तर येनातल्या वंशस्वास्थ्य न्यायालयात ते बसत होते.

हे न्यायालय म्हणजे काय? १९३३ मध्ये नाझी सरकारने एक कायदा केला. काही आजार आनुवंशिक ठरवले आणि ते असलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करायची असं ठरलं. कुणाची करायची हा निकाल न्यायाधीश आणि डॉक्टर मिळून देत. या कायद्याखाली जर्मनीत सुमारे ४ लाख लोकांची नसबंदी झाली.

आणि त्या आजारांच्या यादीत फेफरंही होतं.

म्हणजे ज्याच्या यंत्राने फेफऱ्याच्या रुग्णाला समजून घ्यायची वाट दाखवली, तोच डॉक्टर अशा माणसांना मूलबाळ होऊ द्यायचं की नाही, हे ठरवणाऱ्यांमध्ये बसला होता. १९४१ मध्ये निवृत्तीनंतरही या कामासाठी पुन्हा विचारणा झाली, तेव्हा त्यांनी तयारी दाखवली होती.

तोवर त्यांची तब्येत ढासळलेली होती आणि नैराश्याने घेरलेलं होतं. १ जून १९४१ ला त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. मनोरुग्णांमध्ये उभं आयुष्य काढलेल्या डॉक्टरचा शेवट असा झाला. (तुमच्या किंवा जवळच्या कुणाच्या मनात असे विचार येत असतील तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ ला फोन करा.)

जर्मनी लांबची आहे आणि काळही जुना आहे, असं म्हणून हे सोडून देऊ नका. वारंवार फेफरं येणाऱ्या व्यक्तीच्या लग्नाला आपल्या हिंदू विवाह कायद्यातही आडकाठी होती. ती १९९९ मध्ये निघाली. आणि कायद्यातून निघाली तरी स्थळ बघताना मुलीच्या गोळ्या लपवणारी घरं आजही आहेत.

मग मशीनला विचार कळतात का?

बर्गर यांच्यानंतर ईईजी जगभर पोचली. १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे दोन संशोधक अमेरिकेतून हे मशीन घेऊन भारतात आले आणि योग्यांच्या ध्यानात मेंदूचं काय होतं ते मोजत फिरले. लोणावळ्याचं कैवल्यधामही त्यांच्या वाटेवर होतं.

१९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जाक विदाल यांनी पुढचा प्रश्न विचारला. या लाटा नुसत्या बघत कशाला बसायचं, त्यांच्यावर कॉम्प्युटर चालेल का? ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस हा शब्द त्यांचाच. १९७७ पर्यंत त्यांनी मेंदूच्या संकेतांवर स्क्रीनवरचा ठिपका चक्रव्यूहातून फिरवून दाखवला.

हे चालतं कसं? समजा तुम्ही उजवा हात हलवल्याची नुसती कल्पना केली. मेंदूच्या डाव्या बाजूला, हात हलवणाऱ्या भागावरची लय लगेच दबते. डाव्या हाताची कल्पना केली की उजव्या बाजूची दबते. कॉम्प्युटर हा फरक ओळखायला शिकतो आणि त्याला हुकूम जोडलेला असतो. ही लय दबली तर कर्सर उजवीकडे, ती दबली तर डावीकडे. माणसालाही याचा सराव करावा लागतो, सायकल शिकावी तसा.

म्हणजे मशीन तुमच्या मनातलं वाक्य वाचत नाही. ते ठरावीक खुणा ओळखतं.

महाशिवरात्रीला परळीच्या वैजनाथाला किती गर्दी असते ते माहीतच आहे. देवळाबाहेर उभं राहिलं तर गलका ऐकू येतो. तो वाढला, कमी झाला, आरती सुरू झाली, एवढं कळतं. आत कुणी काय नवस बोललं ते कळत नाही. डोक्यावरून काढलेली ईईजी हा असा बाहेरून ऐकलेला गलका आहे. मेंदूत चिप बसवणं म्हणजे गाभाऱ्यापाशी जाऊन काही जणांच्या तोंडाजवळ माइक धरणं. जास्त स्पष्ट ऐकू येतं, पण त्यासाठी कवटी उघडावी लागते.

अशा चिपचे मोठे प्रयोग न्यूरालिंकच्या बरेच आधी झालेत. अमेरिकेतल्या ब्रेनगेट प्रकल्पात पक्षाघात झालेल्या माणसाच्या मेंदूत ९६ इलेक्ट्रोडचा छोटा तुकडा बसवला होता. तो माणूस विचारांनी कर्सर हलवू लागला, ईमेल उघडू लागला. हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच प्रकल्पात २०१२ मध्ये एका महिलेने विचारांनी यांत्रिक हात हलवला, कॉफीची बाटली उचलली आणि स्वतःच्या स्वतः घोट घेतला. पक्षाघातानंतर जवळपास पंधरा वर्षांनी.

टेलिपथीचं काय झालं?

ती काही सापडली नाही. मेंदूतून बाहेर येणारी वीज डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडला जेमतेम कळते. ती हवेतून गावाकडच्या बहिणीपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं, हे बर्गर यांना त्यांच्याच मोजमापातून कळायला हवं होतं. तरी १९४० मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी लिहिलेल्या छोट्या पुस्तकात त्यांनी त्या तारेची गोष्ट सांगितली. तरुणपणीचा तो विश्वास शेवटपर्यंत सुटला नव्हता.

पण बोलता न येणाऱ्या माणसाला आपलं म्हणणं बाहेर पोचवता यावं, ही गोष्ट मात्र त्यांच्या शोधातून खरी झाली. मधला हंस म्हणून आज कॉम्प्युटर आहे.

आता प्रश्न आहे तो या हंसावर किती भरवसा ठेवायचा याचा. मेंदूचे संकेत कंपनीच्या सर्व्हरवर जाणार असतील तर ते कुणाचे? रुग्णाचे, डॉक्टरचे की कंपनीचे? चिली या देशाने २०२१ मध्ये राज्यघटनेत बदल करून मेंदूतल्या माहितीला संरक्षण दिलं. बाकीच्या देशांनाही आज ना उद्या हे ठरवावं लागेल.

ते ठरवताना बर्गर यांचं पूर्ण आयुष्य समोर असावं, अर्धं नाही. १९२४ चा तो दिवसही आणि येनातलं ते न्यायालयही. माणसाच्या मेंदूत काय चाललंय हे कळलं म्हणजे त्या माणसाबद्दल निकाल द्यायचा हक्क मिळाला असं होत नाही. त्या रेषांचं काय करायचं, हे आधी ज्याच्या डोक्यातून त्या आल्या त्यालाच विचारायला हवं.